अंधाऱ्या किचनला पांढरा दिला तरी निळसरच दिसतोय, आता कुठला रंग देऊ?

प्रश्न: आमचं किचन छोटं आहे, साधारण ८ बाय ९ फूट. एकच खिडकी आणि तीही डक्टमध्ये उघडते, समोर चार-पाच फुटांवर दुसरी भिंत. भर दुपारी पण ट्यूब लावल्याशिवाय नीट दिसत नाही. मागच्या वर्षी सगळ्यांनी सांगितलं पांढराच द्या, उजेड वाढेल, म्हणून अगदी शुभ्र पांढरा दिला. आता भिंती निळसर राखाडी दिसतात आणि कोपरे तर कायम मळल्यासारखे. कॅबिनेट ब्राऊन लाकडी लॅमिनेटची आहेत, ओटा काळा ग्रॅनाइटचा, फरशी क्रीम, हे काही आत्ता बदलायचं नाहीये. नवरा म्हणतो सरळ पिवळा देऊ. मुलीने गर्द हिरव्या किचनचा फोटो दाखवलाय. मला दोन्हीची भीती वाटते. परत चूक झाली तर परत वर्षानुवर्षं तेच बघत स्वयंपाक करायचा. नक्की कुठला रंग देऊ?

उत्तर:

नमस्कार ताई,

"कोपरे कायम मळल्यासारखे" हे वाचलं आणि मला माझं जुनं किचन आठवलं. त्याची खिडकी जिन्याकडे उघडायची. मी तिथे हलका क्रीम दिला होता तो हिरवट दिसायला लागला, मग दुसरा दिला तोही आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसायचा, आणि मग एका संध्याकाळी ट्यूब गेली म्हणून वेगळी आणून लावली तर तोच रंग, तीच भिंत, एकदम बघावीशी वाटायला लागली. दोनदा रंगाचे पैसे गेले होते आणि दोष सगळा ट्यूबचा होता. तेव्हापासून अंधाऱ्या किचनबद्दल कोणीही विचारलं की मी एकच सांगते, आधी दिवा, मग रंगाचा डबा. तुमच्या घरात दिवसासुद्धा ट्यूब लागते म्हणजे तुमच्या भिंतीचा रंग सूर्य नाही ठरवत, ती ट्यूब ठरवते. रंग मी सांगणारच आहे पण थोडं थांबा, कारण आधी तुमचा पांढरा का बिघडला ते कळलं नाही तर पुढचाही बिघडेल.

पांढऱ्याला स्वतःचं असं काही नसतं, त्याच्यावर जे पडेल ते तो परत देतो. तुमच्या खिडकीतून जो उजेड येतो तो थेट आकाशातून येत नाही, समोरच्या भिंतीवर आपटून, तिचा रंग आणि तिचा मळ घेऊन येतो. त्यात "एकदम शुभ्र" म्हणून जे पांढरे मिळतात त्यातल्या बऱ्याच पांढऱ्यांत किंचित निळी झाक असते, कपड्याला नीळ देतो ना तसंच, निळ्याने पांढरा जास्त पांढरा वाटतो, पण तो भरपूर उन्हात. कमी उजेडात ती झाकच तेवढी उरते. आणि वर तुमची ट्यूब जर ६५०० केल्विनवाली असेल, कूल व्हाइट किंवा डेलाइट असं लिहिलेली, तर तीही निळ्याच बाजूची.

आणि चौथं कारण म्हणजे तुमची ब्राऊन कॅबिनेट. याची एक जुनी गोष्ट आहे, मला फार आवडते. पॅरिसमध्ये गोबेलिन नावाचा भिंतीवरचे पडदे विणायचा प्रसिद्ध कारखाना होता, तिथे शेव्रेल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाई विभाग बघायचे. तक्रारी यायला लागल्या की काळा धागा फिका पडतोय, डाय खराब आहे. त्यांनी तपासलं तर डाय चांगला होता, तो काळा धागा ज्या रंगांच्या शेजारी विणला जात होता त्यांच्यामुळे डोळ्याला तो मळका दिसत होता. यावर त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर लिहिलं. शेजारचा रंग स्वतःच्या उलट्या, म्हणजे रंगचक्रात समोर येणाऱ्या, रंगाची सावली बाजूच्या रंगावर टाकतो, असं ते थोडक्यात. आता ब्राऊन म्हणजे काय, तर गडद केलेला नारिंगीच. नारिंगीचा उलटा रंग निळा. म्हणजे तुमचं ब्राऊन लॅमिनेट दिवसभर शेजारच्या पांढऱ्या भिंतीला निळं करत बसलंय! एक साधा कागद घ्या, आधी तो ब्राऊन शटरला चिकटवून धरा आणि मग क्रीम फरशीवर ठेवा, फरक स्वतःच दिसेल.

म्हणजे पांढऱ्याचा सल्ला देणारे चूक होते का? पूर्ण चूक नाही. फिका रंग उजेड वाढवतो हे खरंच आहे. दिव्यातून १०० भाग उजेड निघाला समजा. भिंत निम्मा उजेड परत पाठवणारी असेल तर पहिल्यांदा आपटून ५० उरतात, मग २५, मग साडेबारा, चौथ्यांदा ६. तीच भिंत ८० टक्के परत पाठवणारी असेल तर ८०, मग ६४, मग ५१ आणि चौथ्यांदाही ४१ शिल्लक. छोट्या खोलीत उजेड असाच भिंतीभिंतींवर आपटत फिरतो, म्हणून फिक्या भिंतीचा फायदा साधा नाही, चक्रवाढ आहे. बऱ्याच शेड कार्डांवर किंवा कंपनीच्या साइटवर प्रत्येक शेडपुढे एलआरव्ही म्हणून एक आकडा असतो, ० ते १००, तो हेच सांगतो की हा रंग किती उजेड परत देतो. तुमच्या भिंतींसाठी हा आकडा ७० ते ८० च्या मधे हवा, सिलिंगसाठी ८५ च्या आसपास किंवा वर. शेडच्या गोड गोड नावाकडे बघू नका, आकडा बघा.

आता दिवा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, मला माफ करा, पण तुमच्या किचनमध्ये निम्मं काम हेच आहे.

तुम्हाला दोन आकडे बघायचेत. पहिला केल्विन. २७०० म्हणजे पिवळसर उबदार, ६५०० म्हणजे थंड निळसर. मी तुम्हाला ४००० सांगते, ज्याला न्यूट्रल किंवा नॅचरल व्हाइट म्हणतात. का? कारण तुमच्या खिडकीतून थोडा का होईना दिवसाचा उजेड येतो आणि तो थंड असतो, त्याच्या शेजारी २७०० चा पिवळा दिवा लावला तर भर दिवसा अर्धी भिंत नारिंगी आणि अर्धी निळी दिसते, ते फार विचित्र वाटतं. ४००० मधला आहे, दोघांशी जुळवून घेतो, आणि ऊब आपण रंगातून आणू. फक्त किचनमधले सगळे दिवे एकाच केल्विनचे पाहिजेत, एक पांढरा एक पिवळा असं नको, नाहीतर कुठलाही रंग दिलात तरी तो दोन रंगांचा दिसणार.

दुसरा आकडा सीआरआय. दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचं हे माप, जास्तीत जास्त १००. साध्या एलईडीचा ८० च्या आसपास असतो. तुम्ही ९० च्या वरचा घ्या, बऱ्याचदा बॉक्सवर लिहिलेलं असतं. कमी सीआरआयच्या दिव्यात सगळ्यात आधी मार खातो तो लाल रंग आणि ब्राऊन लाकडात लाल दडलेला असतोच, तो दिसला नाही की लाकूड चिखलासारखं मेलेलं दिसतं. तुम्ही लिहिलं नाहीये पण मला खात्री आहे की कॅबिनेट दुकानात बघितलं तेव्हा आत्तापेक्षा छान दिसलं असणार. चांगल्या दिव्याखाली त्यातलं बरंच परत येईल, एकही शटर न बदलता.

आणि दिवा कुठे लावायचा हेही महत्त्वाचं. सिलिंगच्या मधोमध एकच ट्यूब असली की आपण ओट्याकडे तोंड करून उभे राहतो आणि आपलीच सावली चिरायच्या जागेवर पडते. वरच्या कॅबिनेटच्या खाली एलईडी पट्टी लावा, भिंतीला चिकटून नाही, पुढच्या कडेला, म्हणजे तुमच्या बाजूला, तिथून उजेड ओट्यावरही पडतो आणि मागच्या टाइल्सवरही. तुमचा ग्रॅनाइट काळा आणि पॉलिश केलेला असणार, त्यात एलईडीचे ठिपके आरशासारखे दिसतात, डोळ्याला बोचतात, म्हणून दुधी झाकणाच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे पट्टी बसवायच्या पन्हळीत, बसवलेली पट्टीच घ्या. चिराचिरीच्या जागी ३०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असावा, फोनवरच्या लक्स मोजायच्या अॅपने अंदाज येतो, अगदी अचूक नसलं तरी आधी आणि नंतरचा फरक कळायला पुरतं.

दिवे बदलले की आठ दिवस काहीच करू नका. खरंच. त्याच पांढऱ्या भिंतीत राहून बघा. काही घरांत इथेच प्रश्न मिटतो. तुमच्याकडे पूर्ण मिटणार नाही असं मला वाटतं, ब्राऊनच्या शेजारचा निळसरपणा राहीलच, पण किती राहतो ते बघूनच पुढचा रंग निवडायचा.

आता रंग. तुमच्या क्रीम फरशी आणि ब्राऊन लॅमिनेटला मोतिया किंवा हस्तिदंती कुळातला रंग हवा, ज्याच्यात अगदी थोडा पिवळा आणि त्याहून थोडा लाल असेल. शेड कार्डावर बघितला तर "हा पांढराच आहे की" असं वाटेल इतका फिका, पण खऱ्या पांढऱ्या कागदाशेजारी धरला की ऊब दिसेल असा. ब्राऊनचा निळा ओढा तो थोडासा लाल-पिवळा बरोबर खाऊन टाकतो आणि भिंत स्वच्छ दिसते. राखाडीतलं काहीही नको, कितीही छान वाटलं तरी नको, कमी उजेडाच्या खोलीत राखाडी आधीच फुकट मिळालेला असतो. आणि हिरवट झाक असलेला क्रीमही नको. झाक कळायची सोपी युक्ती, शेड कार्डाच्या त्याच पट्टीवरचा सगळ्यात गडद शेड बघा, फिक्यात जे लपलेलं असतं ते गडदमध्ये सरळ दिसतं. गडद मोहरीसारखा असेल तर पिवळी झाक, विटकरीकडे जात असेल तर लाल, शेवाळ्यासारखा असेल तर हिरवी, तो सोडून द्या.

आधी तुमच्या लॅमिनेटची झाकही एकदा बघून घ्या, पांढरा कागद चिकटवून. लालसर ब्राऊन असेल तर भिंत जास्त लाल नको, मोतियाच घ्या, नाहीतर सगळं गुलाबी दिसेल. पिवळसर किंवा राखाडीकडे झुकलेलं असेल तर हस्तिदंतीत एक पायरी पुढे गेलात तरी चालेल.

तुमच्या मिस्टरांचं पिवळं. त्यांना ऊब हवी आहे, ते बरोबर ओळखतायत, पण पिवळा हा रंग छोट्या खोलीत फार फसवतो. उजेड पिवळ्या भिंतीवर आपटून समोरच्या पिवळ्या भिंतीवर जातो तेव्हा तो आणखी पिवळा झालेला असतो, परत येतो तेव्हा आणखी, म्हणून कार्डावर हलका लिंबू दिसणारा रंग चारी भिंतींवर गेला की अंगावर येतो. आणि जिथे उजेड कमी, म्हणजे कोपऱ्यात, तिथे पिवळा हिरवट मळका होतो, पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी होतो ना, सावली तेच करते. तुमची मूळ तक्रार कोपऱ्यांचीच आहे. त्यांना सांगा की पिवळाच देतोय, फक्त हस्तिदंतीत लपलेला.

मुलीचं गर्द हिरवं. मी त्याला नाही म्हणत नाही. गडद रंगाची एक बाजू खरी आहे, तो उजळ दिसायचा प्रयत्नच करत नाही त्यामुळे मळकाही दिसत नाही, झोपायच्या किंवा बसायच्या खोलीत अंधार मान्य करून गडद रंग देणं फार सुंदर होतं. पण किचनमध्ये हातात सुरी असते, गॅस असतो, तिथे दिसणं आधी. काळा ओटा आणि ब्राऊन शटर आधीच भरपूर उजेड गिळतायत, चारी भिंती हिरव्या केल्या तर दुप्पट दिवे लावूनही पुरायचं नाही. शिवाय तिने दाखवलेला फोटो बहुतेक मोठ्या खिडकीच्या किचनचा असेल, आणि कॅमेरा रंग-उजेड स्वतःच सुधारून घेतो, त्यामुळे फोटोवरून शेड कधीच ठरवू नका, तुमच्या स्वतःच्या भिंतीच्या फोटोवरूनही नाही.

तिचा हिरवा मात्र कुठेतरी घ्या, लेकीने मनापासून सुचवलंय. उघडे शेल्फ असतील तर त्यांच्या मागची भिंत, नाहीतर दाराच्या बाजूचा अरुंद पट्टा. डोळ्याच्या उंचीवरची मोठी भिंत नको. पुढे कधी शटर बदलायची वेळ आली तर खालची हिरवी करा, गडद रंग खाली बरा वाटतो आणि उजेडाचं नुकसान तिथे सगळ्यात कमी. गडद जागेला विटकरी किंवा मरूनपेक्षा हिरवा चांगला याला कारणही आहे. यान पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये लिहून ठेवलंय की पहाटे-संध्याकाळच्या मंद उजेडात लाल रंग सगळ्यात आधी काळा पडतो आणि निळे-हिरवे बराच वेळ टिकून दिसतात. दिवे लावायच्या आधीच्या त्या अर्ध्या तासात तुमच्या किचनमध्ये हिरवा जिवंत दिसेल, मरूनचं भोक झालेलं असेल.

भिंतींमध्येही भेद करा. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर जो काय उजेड येतो तो पडतो, ती सगळ्यात फिकी आणि मोकळी ठेवा, तिथे कॅलेंडर, पिशव्या, उंच डबे काही नको. खिडकी ज्या भिंतीत आहे तिच्या स्वतःवर उजेड पडत नाही, तिथे गडद दिलात तर खिडकी डोळ्यात खुपते, म्हणून तीही फिकी. आणि खिडकीच्या खाचेच्या आतल्या बाजू, चौकटीभोवतीची ती चार-सहा इंचाची भिंत, ती पांढऱ्या सॅटिनने, म्हणजे हलक्या चमकीच्या रंगाने, रंगवा. उजेड आत येताना पहिला तिथेच आपटतो. इतकी छोटी जागा आहे पण मी दर वेळी सांगते आणि दर वेळी लोक विसरतात.

सिलिंग पांढरंच, पण मॅट आणि तुमच्या भिंतीच्या कुळातलं, म्हणजे निळी झाक नसलेलं. भिंतींना सॅटिन किंवा पुसता येणारं हलकं चमकतं फिनिश घ्या, तेलाचे हात पुसता येतात. चकचकीत ग्लॉस देऊ नका, लोकांना वाटतं चमक म्हणजे उजेड, पण ग्लॉस सगळा उजेड एकाच दिशेने फेकतो, दिव्याचा एक पांढरा ठिपका दिसतो आणि कॅबिनेटखालच्या पट्टीमुळे भिंतीची प्रत्येक खाचखळगी उठून दिसते. चमक हवी तिथे डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या, टाइल्स आहेत. त्या गडद असतील आणि पुढेमागे थोडा खर्च करायचा झाला तर शटरच्या आधी त्या बदला, फिक्या, साध्या, डिझाइनशिवायच्या. नाहीतर वरची शटर्स रंगवून घेता येतात, लॅमिनेट हलकं घासून त्याला धरणारा खास प्रायमर लावावा लागतो, गॅसच्या अगदी जवळच्या शटरला मात्र ते टिकायला कठीण.

टेस्ट केल्याशिवाय डबा आणू नका. पुठ्ठा किंवा प्लाय घ्या, दोन बाय दोन फुटांचा, तीन शेड म्हणजे तीन पाट्या, दोन दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन ओलं असताना साधारण फिकं दिसतं आणि वाळलं की थोडं गडद होतं. भिंतीवरच चौकोन मारून बघू नका, आजूबाजूचा तुमचा निळसर पांढरा प्रत्येक शेडला पिवळंधमक दाखवेल आणि तुम्ही घाबरून परत पांढऱ्याकडे जाल. पाटी उभी धरा, ओट्यावर आडवी ठेवू नका, वरचा उजेड पडून ती खोटी उजळ दिसते. एकदा शटरला चिकटवून, एकदा सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, सकाळी, दुपारी आणि रात्री नवीन दिव्यात. कोपऱ्यात जी पाटी मळत नाही ती घ्या, खिडकीपाशी दुसरी कितीही छान दिसू दे.

रंगवायच्या आधी भिंती तेलकटपणा काढणाऱ्या साबणाने धुवून घ्या, किचनच्या भिंतीवर वाफेचा आणि तेलाचा पातळ थर बसतोच, त्यावर रंग नीट धरत नाही आणि डागही वर येतात. दिव्याची कव्हरं, खिडकीच्या काचा, जाळी पण धुवा. जाळी तर आधी धुवा, धूळ बसलेली जाळी किती उजेड अडवते ते ती काढून बघितल्यावरच कळतं.

आणि एक शेवटचं, कदाचित सगळ्यात स्वस्तातलं. डक्टमधली ती समोरची भिंत. ती कोणाची आहे, तिला रंग द्यायची परवानगी मिळेल का, विचारून बघा. तुमच्या खिडकीसाठी तीच आकाश आहे. ती काळपट शेवाळलेली असेल आणि तिला बाहेरचा चांगला पांढरा दिला, खिडकीच्या समोरचा आणि त्याच्या वरचा भाग जितका जमेल तितका, तर आत येणारा उजेडच बदलेल. तिथे मात्र शुभ्र पांढराच द्या. समोरून कोणी बघेल म्हणून काचेला फिल्म लावली असेल तर ती फक्त खालच्या अर्ध्या भागाला ठेवा, वरचा उजेड खिडकीच्या वरच्या भागातूनच येतो.

तेव्हा या आठवड्यात जाळी धुवा आणि दिवे बदला, पाट्या त्यानंतर आठ दिवसांनी. मुलीला बसवा रंगवायला, आणि तिची एक हिरवी पाटीही करू द्या. कोपऱ्यात कुठली टिकली ते मला नक्की लिहून पाठवा.